रिकाम्या बोटीवर पारखलेला पंखा

मित्रहो, काठावर बसून घाईत टंकतो आहे. टंकनदोष पोटात घाला.

कळसाडीच्या सुकलालने, माझ्या मामेभावाने, मोटरबोटीच्या इंजिनाला पाणी कापणारा नवा पंखा बसवला. निवडला कसा? विहिरीचा पंप निवडावा तसा, दुकानातला सर्वांत मोठा! काल एकट्याने बोट पळवूनही पाहिली. मला म्हणाला, "दादा, नुसती उडी ऱ्हायनी!" म्हणजे उडतेय.

आज दुपारी त्याच बोटीतून आम्ही सातजण तापी ओलांडत होतो. भरलेल्या बोटीत तो पंखा इंजिनाला पेलेना. ऐन मध्यावर ते धूर ओकून बंद पडलं. दोनदा सुरू केलं, दोनदा गुदमरलं. प्रवाह आम्हाला बॅरेजच्या, म्हणजे बंधाऱ्याच्या, उघड्या दरवाजांकडे नेत होता. मी पंचवीस वर्षं संस्कृत शिकवतो; एकही स्तोत्र आठवेना.

सुकलाल पुटपुटला, "जुना पंखा घर राही गया..."

बोटीतच बसलेल्या वहिनींनी, सुकलालच्या बायकोने, भाकरीच्या पिशवीतून तोच बाहेर काढला. "मी लई येल शे," म्हणजे घेऊन आलेय. "तुमना काय भरोसा?"

सुकलालने इंजिन वर उचलून पंखा बदलला. इंजिन लागलं, काठ आला.

पंखा भरल्या बोटीवर पारखावा, हे शास्त्र मला आज कळलं. वहिनींना कालच कळलं होतं. त्यांना विचारलं कुणी?

तुमच्या घरी विचारता का?