सुशीच्या लुगड्याचा तुकडा

रविवारी शाहूपुरीतल्या एका हॉलात आमच्या पिंकीचं प्रदर्शन होतं... नात हो माझी, आर्ट कॉलेजात शिकते. लोक फोटो काढत होते आणि मी मिरवत होते, कारण तिथं टांगलेली वाकळ मी शिवलेली!

घरात मार सोसलेल्या बायकांकडून पिंकीनं त्यांची फाटलेली लुगडी मागून आणली होती. त्यांचीच ही वाकळ. वाकळ पांघरायची सोडून भिंतीला कशाला, म्हणून मी आधी हसले... चहा गार झाला तरी पोरगी समजावत बसली.

तिची अट एकच, फाटकं वर दिसलं पाहिजे. आम्ही जन्मभर फाटकं आत दुमडून शिवणाऱ्या, हात वळता वळेना. पण शिवलं तसं.

फक्त एक तुकडा सोडून... माझी धाकटी बहीण सुशी, कबनूरला दिलेली. तिच्या लुगड्याचा पदर उभा फाटलेला. तो मी गुपचूप आत दुमडला. बहिणीची अब्रू ना ती. पिंकीनं बघितलं आणि पुढचा तुकडा हातात दिला.

रविवारी सुशी आली. काठावरनं तिनं आपलं लुगडं ओळखलं.

"आक्का, माझं फाटलेलं कुठं हाय?"

"आत घेतलंय. चारचौघांत कशाला..."

"व्हय की! समद्या मार खाल्लेल्या, आन् मी तेवढी सुखात नांदले!"

पिंकीकडनं कात्री घेऊन तिनं स्वतःच टाके उसवले. मला हातसुद्धा लावू दिला नाही... पदर मोकळा लोंबला.

शेजारी उभ्या एका पोरीनं विचारलं, "कशानं फाटलं हो आजी?"

ते फाटलं त्या वर्षी दिवाळीला माहेरी आली तेव्हा सुशी म्हणाली होती, खिळ्याला अडकून फाटलं. आम्ही खरं मानलं. आईनं तर जावयाला निरोप धाडला, तेवढा खिळा ठोकून घ्या म्हणून...

"नवऱ्यानं फाडलं," सुशी म्हणाली. स्वच्छ, मोठ्यानं.

तिचा नवरा गेला, आई गेली. ऐकायला मी तेवढी उरले होते. मला रडू आवरेना, आणि सुशीच माझी पाठ चोळत बसली.

पिंके, बाई, तुझी कला मला फारशी कळत नाही. पण माझ्या बहिणीला विचारणारं कुणीतरी तू उभं केलंस... सुखी राहा.