आमची कोठेही शाखा नाही

लोणावळ्याच्या बाजारात चिक्की घ्यायला आलेला प्रत्येक माणूस विचारतो, ह्यातलं खरं जुनं दुकान कुठलं हो? उत्तर सोपं आहे. तुम्ही ज्या दुकानात उभे राहून विचारताय, तेच.

आमचा दत्तोबा हे उत्तर गेली चाळीस वर्षं देत आला. मूळचा कुरवंड्याचा, वय चौसष्ट, पोट पुढे आणि शब्द त्याच्याही पुढे. त्याच्या दुकानाच्या पाटीवर 'मूळ' असं लिहिलेलं होतं. बरोबर समोर त्याचा चुलतभाऊ राजेंद्र, त्याच्या पाटीवर 'आद्य'. दत्तोबाने पुढच्या दिवाळीला 'एकमेव' जोडलं, तर राजेंद्राने शिमग्यापर्यंत 'अस्सल' लावलं. दोन्ही पाट्यांच्या तळाशी मात्र एकच ओळ होती: आमची कोठेही शाखा नाही. दोन भावांत एकमत असलेली ही एवढीच गोष्ट.

भांडण होतं ते आज्यावरून. ह्या दोघांचा आजा ऐंशी वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या घाटात बंद पडलेल्या मोटारींच्या माणसांना टोपलीतून चिक्की विकायचा. दत्तोबाचं म्हणणं, चिक्की जगात पहिल्यांदा आमच्या आज्यानेच केली. जगात हं. तालुक्यावर त्याचं भागत नसे.

आज्याच्या हातची चव कुणाकडे उतरली, हे ठरवू शकेल असं एकच माणूस जिवंत होतं. त्यांची आत्या येसूबाई. नव्वदी ओलांडलेली, डोळ्यांवर साऱ्याचा पडदा, दात तीन, पण जीभ दोन्ही कामांसाठी शाबूत. आज्याचं चिक्की लाटायचं सागवानी लाटणं तिच्या उशाशी असे. अकरा वर्षांपूर्वी तिनेच तोडगा काढला होता. दरवर्षी दसऱ्याला दोघांनी आपापली ताटली घेऊन कुरवंड्याला यायचं. ज्याच्या ताटलीत तिच्या बाची, म्हणजे आज्याची, चव सापडेल त्याला लाटणं, आणि दुसऱ्याने त्याच दिवशी पाटी उतरवायची. पंच म्हणून मी. दोघांनी मला एकमताने निवडलं, कारण मी एकाची निंदा दुसऱ्याकडे जाऊन करतो याची दोघांनाही खात्री होती. ती रास्त होती.

अकरा दसरे गेले. दरवर्षी आत्या तुकडा तोंडात घोळवायची, डोळे मिटायची, आणि म्हणायची, "ग्वाड हाय. पर ही माझ्या बाची न्हाई."

दोघेही मान खाली घालून परतायचे, आणि दोघांच्याही पाट्या राहायच्या.

गेल्या वर्षी राजेंद्र दुबई बघून आला. झालं. दत्तोबाने तळेगावच्या एका सहल कंपनीची पत्रिका आणली: 'प्राचीन व्यापारी मार्गावरची नगरे, समरकंद आणि बुखारा, माहितगार मार्गदर्शकासह'. दुबईपेक्षा ते लांब आहे, एवढं त्याने नकाशावर वीत लावून मोजलं. कस्तुराबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "मला न्हाई जमायचं विमान. ह्या तळेगावच्या भावजींना न्या. ते हितं तरी कुटं काय काम करत्यात?" भावजी म्हणजे मी.

दत्तोबाच्या बॅगेत कपडे दोन जोड आणि चिक्की अकरा किलो. "तिकडच्या लोकांला कळू दे," तो म्हणाला. "व्यापाराचा रस्ता म्हनत्यात, आन आपला माल त्यावर कदी गेलाच न्हाई!"

आमची मार्गदर्शक मोहिरा नावाची पोरगी, आपल्याकडच्या मालिका बघून हिंदी शिकलेली. समरकंदच्या त्या निळ्या घुमटांखाली बाकी मंडळी माना वर करून "अहाहा" म्हणत होती. दत्तोबा मान खाली घालून दुकानांचे ओटे मोजत होता.

"बाई, इधर गिऱ्हाईक किधर से आता था?"

"चीन से, हिंदुस्तान से, सब तरफ से, अंकल."

"आन नाष्टे में क्या खाता था?"

"रोटी, सूखा मेवा."

दत्तोबाने कीव आल्यासारखा सुस्कारा सोडला आणि तिच्या हातावर चिक्कीचा चौकोन ठेवला. "ये खाओ. हमारा आजा ने निकाला. दुनिया में पैला." पोरीने खाल्ला, हसली, आणि काहीतरी बोलता बोलता थांबली. ती का थांबली ते आम्हाला तिसऱ्या दिवशी बुखाऱ्यात कळलं.

तिथे जुन्या बाजाराची घुमटाकार छपरं आहेत. आत कमानीच्या सावलीत एक बाई परात मांडून बसलेली. परातीत काळपट, चकाकणारे, तीळ लावलेले चौकोन. सुरीने आखून कापलेले.

दत्तोबा जागच्या जागी उभा राहिला. मग त्याने एक चौकोन उचलला, मोडला, कडेचा आवाज ऐकला. चिक्कीवाला माणूस आधी कानाने खातो.

"ये क्या है?" त्याने विचारलं.

"आपकी चिक्की, अंकल!" मोहिरा टाळी वाजवून म्हणाली. "उस दिन आपको बुरा लगता, इसलिए नहीं बोली. ये हमारे यहाँ बहुत पुरानी चीज़ है. काफ़िलेवाले साथ ले जाते थे. ख़राब नहीं होती ना."

"कितना पुराना?"

"पता नहीं. हज़ार साल? ज़्यादा भी होगा."

दत्तोबा खालच्या पायरीवर बसला. हजारातून ऐंशी वजा करायला त्याला फार वेळ लागला. बाकीची मंडळी मागच्या गल्लीत गालिचे बघत होती. कुठल्याही क्षणी इकडे वळली असती. त्यांत दोघं तर थेट लोणावळ्याची. दत्तोबा उठला आणि त्याने ती अख्खी परात विकत घेतली. चार किलो. ती बाई त्याला आशीर्वाद देत राहिली. पुरावा नष्ट करणाऱ्या माणसाला आशीर्वाद मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

हॉटेलात त्याने दार लावलं आणि मला एकवीरेची शपथ घातली. "तोंडातनं चकार शब्द काडायचा न्हाई."

"नाही काढत. पण हे फेकून दे मग."

"खायाची वस्तू फेकू?" तो कळवळून म्हणाला. "माझ्याच्यानं चुरासुदिक फेकवत न्हाई, ही तर घडलेली हाय."

म्हणून जी चिक्की जगापासून लपवायची, ती जिवापाड जपून तो घरी घेऊन आला. कुणी विचारू नये म्हणून आपल्याच दुकानाच्या डब्यात भरली आणि माळ्यावर ठेवली. आम्ही परतलो तो दसऱ्याचा आदला दिवस होता.

दसऱ्याच्या सकाळी दत्तोबा विमानाची झोप काढत होता. कस्तुराबाईने घाईघाईने डबा शोधला. दुकानाचा डबा, त्यात काळपट तिळाची नवी चिक्की. तिला वाटलं, नवऱ्याने आत्यासाठी मुद्दाम काहीतरी केलंय. तिने ताटली भरली, वर पितळी झाकण घातलं, आणि आम्ही जीपमधून कुरवंड्याला गेलो.

येसूबाई ओसरीवर पाय पसरून बसलेली. आधी राजेंद्राची ताटली. आत्याने चघळलं. "ग्वाड हाय. पर न्हाई."

मग कस्तुराबाईने दुसरं झाकण काढलं, आणि दत्तोबाचा चेहरा ताटलीतल्या चिक्कीसारखाच झाला. तो माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

आत्याने तुकडा तोंडात ठेवला. तिचा जबडा हलला, थांबला. पुन्हा हलला. त्या सारा आलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं.

"हीच गं बाय," ती म्हणाली. "माझ्या बाची. करपल्याली!"

राजेंद्र खाली बसला. "करपल्याली?"

"व्हय. माझ्या बाला पाक कदी जमला न्हाई. दर बारीला धूर. दत्तू, कशी रं जमली तुला? घे, लाटणं घे. आन ह्यो घास मला म्हैन्याला आणून देत जा. जायच्या टायमाला तोंडात हीच घाला, गंगाजळ नगं."

आता तुम्हीच सांगा. अकरा वर्षांची लढाई जिंकलेली, समोर राजेंद्र पडलेला, लाटणं हातात, साक्षीदार एकच आणि तोही शपथेने बांधलेला. माझी जीभ तर अशी सळसळत होती की मी ती दातांखाली धरून ठेवली. दत्तोबाने फक्त गप्प राहायचं होतं. एरवी चाळीस वर्षं तो जे बोलत आला, त्या मानाने हे अगदीच किरकोळ.

त्याने लाटणं दोनदा फिरवलं. मग आत्याकडे पाहिलं. ती दुसरा तुकडा चाचपून शोधत होती.

"आत्या," तो म्हणाला, "ही माझी न्हाई."

"म्हंजे?"

"मला नाय येत आसली. दर म्हैन्याला कुटनं आणू? तिकडं बुखारा म्हनून गाव हाय, लय लांब. तितल्या एका बाईची हाय. तितं हजार वर्सं करत्यात म्हनं." आणि मग खाली बघत, "आपल्या आज्यानं न्हाई काडली."

कस्तुराबाईने कपाळावर हात मारला. राजेंद्र उठून उभा राहिला. आत्या मात्र चघळतच होती.

"न्हाईच काडली," ती सहज म्हणाली. "त्यो हिंगवाला पठाण न्हवता का!"

"कंचा पठाण?" दोघं भाऊ एकदम.

"मी परकरात व्हते. घाटानं वर आला, पाऊस लागला, आमच्या पडवीत चार म्हैनं ऱ्हायला. त्यानं शिकवली बाला. त्यो पाक काळा हुईस्तवर कडवायचा. त्याच्याकडं मध, आमच्याकडं गूळ. म्हून करपायची."

"आगं, मग अकरा वर्सं बोलली का न्हाईस?" राजेंद्र ओरडला.

"इच्यारलं कुनी? तुमी फकस्त चव इच्यारत व्हता." मग तिने हात पुढे केला. "आन ते लाटणं हिकडं. जिची चव तिचं लाटणं, असं ठरलंय. त्या बाईला धाडा."

अकरा वर्षं एकमेकांचं पाणी न प्यालेले ते दोन भाऊ तेव्हा एका आवाजात म्हणाले, "आत्या, येडी का काय तू!"

लाटणं अजून आत्याच्या उशाशी आहे. परतताना दोघं एकाच जीपमध्ये बसले. झाला प्रकार बाहेर फुटू नये, यावर त्यांचं एकमत झालं, आणि मलाही पुन्हा एकवीरेची शपथ घातली. तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी. लिहिण्याबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर दत्तोबाने तीन कढया काळ्या केल्या. दुकानात धूर, गिऱ्हाईक शिंकतंय, कस्तुराबाई शिव्या देतेय. चौथ्या कढईला आत्या म्हणाली, "जवळ आली." राजेंद्र रस्ता ओलांडून चवीला येतो. चुकतंय कुठे ते सांगायला, असं तो म्हणतो. खातो मात्र तीन-तीन तुकडे.

पाटीवरचं 'मूळ' आणि 'एकमेव' अजून तसंच आहे. एवढ्याने माणूस सुधारला असता तर लोणावळ्यात एक तरी पाटी कोरी दिसली असती. पण दिवाळीआधी दत्तोबाने रंगाऱ्याला बोलावून सगळ्यात खालची ओळ पुसून घेतली. शाखा नसल्याची.

परवा मुंबईच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या ते लक्षात आलं. "काय दत्तूशेठ, दुसरं दुकान काढलं वाटतं? कुठे?"

दत्तोबाने त्याची पुडी बांधली, दोरा दाताने तोडला.

"लांब हाय," तो म्हणाला. "पर माल आपल्यापरीस चांगला."