एका कागदासाठी कोण जाणार

कोर्टाच्या बेलिफाला शहरात सगळे ‘पाहुणे’ म्हणत. न बोलावता कुणाच्याही दारात उभा राहणारा माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? समन्स, नोटीस, मनाई हुकूम, न्यायाधीशांच्या सहीने जे काही निघेल ते ज्याच्या त्याच्या हातात नेऊन द्यायचं आणि सही घ्यायची, हे त्यांचं काम. लोकांनी अंगावर कुत्री सोडली, शिव्यांची लाखोली वाहिली, एकीने तर भांड्यांचं खरकटं पाणी डोक्यावर ओतलं. पाहुणे चष्मा पुसून म्हणाले, “सही इथे करा, वहिनी.”

पूर्वी या कामाला चौघं होते, दिमतीला एक जीपही होती. एकेक जण निवृत्त झाला आणि जागा रिकाम्याच राहिल्या. वरून दर वर्षी तेच उत्तर येई, तरतूद नाही. जीप कोर्टामागे टायर मातीत रुतवून बसली. आत न्यायाधीश हुकमावर हुकूम देत होते, पण ते दारोदार न्यायला उरले एकटे पाहुणे आणि त्यांची स्वतःची खटारा स्कूटर. पेट्रोल पदरचं, आणि बिल मंजूर होईपर्यंत पावतीवरची शाईसुद्धा उडून जाई.

मग त्यांनी एक युक्ती काढली. एका दिशेचे कागद साठवायचे, त्यांना रबर लावायचं आणि गठ्ठा जरा जाड झाला की तिकडे एकच फेरी मारायची. त्यांचे वरिष्ठ, नाझरसाहेब, बेहद्द खूश. “तुमच्यासारखे आणखी दोघं मिळाले, तर हे कोर्ट पळायला लागेल,” असं ते चारचौघांत म्हणत. पाहुण्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

एका सकाळी ऑफिसच्या खिडकीशी शिवणकाम करणारी एक बाई आली. गळ्याभोवती रुमाल घट्ट गुंडाळलेला, मान वळवायची तर सगळं अंग वळवत होती. नवऱ्याने तिच्या घराकडे फिरकू नये, असा हुकूम तिला नुकताच मिळाला होता.

“भाऊ, पोलीस म्हणतात, हा कागद त्याच्या हातात पडेपर्यंत आम्हाला काही करता येत नाही. आज जाल ना?”

“जातो की, ताई. तुम्ही निर्धास्त राहा.”

खोटं बोलायचा त्यांचा इरादा नव्हता, सवयीने तोंडातून निघून गेलं. मग त्यांनी पत्ता पाहिला. खाणीकडचा, म्हणजे शहराचं पार दुसरं टोक, आणि तिकडचा हा एकच. एका कागदासाठी कोण जाणार? त्यांनी तो खाणीकडच्या रबरात अडकवला आणि बाजारपेठेचा गठ्ठा उचलला. इथे पाहुण्यांना चार शब्द सुनवायला जीभ शिवशिवते. पण चौघांचं काम एकाच्या गळ्यात घालून ज्यांनी हात झटकले, ते सुनवून घ्यायला कधी कुठल्या खिडकीशी सापडत नाहीत, याची चीड जास्त येते.

दोन-तीन दिवसांनी खाणीकडचं आणखी एक समन्स निघालं. पाहुणे खुशीत निघाले. नवऱ्याच्या खोलीला कुलूप होतं. शेजारी एक सुतार दारातच फळीवर रंधा मारत बसला होता.

“त्याला काल संध्याकाळी धरून नेलं,” सुतार म्हणाला. “बायकोच्या घरी गेला होता. गेली बिचारी.”

“गेली म्हणजे?” पाहुण्यांनी उगाच विचारलं. सुतार पुन्हा फळीवर रंधा मारू लागला.

नाझरसाहेबांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. मग खालच्या आवाजात म्हणाले, “तरी तो हुकूम त्याला बजावून या. कागद तसाच परत आला, तर वरून विचारणा होईल.”

पोलीस चौकीच्या कोठडीत नवरा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्याला वाचता येत नव्हतं आणि अशा माणसाला हुकूम वाचून दाखवायचा, असा नियम. पाहुण्यांनी गजांशी उभं राहून वाचला. तिच्या घराच्या आसपास फिरकू नये. फिरकल्यास ताबडतोब अटक होईल.

नवऱ्याने शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

“हे आधी कुणी सांगितलं असतं,” तो म्हणाला, “तर मी गेलो नसतो.”

“गप रे!” हवालदार खेकसला. “पाहुणे, याचं काय मनावर घेता? सगळे असंच बोलतात.”

असेलही. पाहुण्यांनी गजांमधून शाईची डबी पुढे केली आणि अंगठा घेतला. त्याच्या तोंडावर त्याला खोटारडा म्हणावं, असं त्यांना फार फार वाटत होतं. पण तसं म्हणायला कागद वेळेवर पोचलेला असायला हवा होता.