शेल्याचा मान

मेहकरातल्या गवंड्यांत एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. बाईनं घमेली वाहावीत, विटा द्याव्यात, भिंतीला पाणी मारावं. थापीला हात लावू नये. लावला तर म्हणे माल भिंतीला धरत नाही. सिमेंटला बाई-पुरुष कळतो, हे खुद्द सिमेंटलाही ठाऊक नसेल.

समता लग्नाआधीपासून मजुरीवर. नवरा प्रेमानंद माल कालवायचा, ती वाहायची, दोघंही तुळशीराम मिस्त्रीच्या हाताखाली. तिला मिस्त्री व्हायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत तुळशीराम लिंबाखाली घोरायला लागला की ती त्याची थापी घेऊन प्लास्टर मारायची. त्याला हे माहीत होतं. काम आपल्या नावावर जातंय म्हणून तो गप्प बसायचा. लबाड!

नारायणरावांचं घर बांधायला घेतलं होतं. एके दिवशी त्यांनी मागच्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मिस्त्री, हे भिंत तं आरशावानी झाली. पुढची काऊन अशी नाही?"

मजुरांत कुणीतरी फिदीफिदी हसलं. नारायणराव गेले, तसा तुळशीरामनं प्लास्टर घोटायचा लाकडी रंधा उचलून समताच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला.

"मह्या थापीले हात लावते काय व?"

त्यानं केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. प्रेमानंद फावडं धरून उभाच, मुंडी खाली. एवढ्यात समताच्या हाताला वीट लागली. तिनं ती मिस्त्रीच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तुळशीराम गुरासारखा ओरडला. समताला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं?

वास्तुशांतीच्या पत्रिका वाटून झालेल्या, दुसरा मिस्त्री कुठं मोकळा मिळेना. शेवटी नारायणरावांनी मुकाट्यानं समतालाच काम सांगितलं. एक डोळा सुजून बंद, तरी तिनं पुढच्या भिंतीचं प्लास्टर खरवडून नव्यानं मारलं. प्रेमानंद माल द्यायचा.

वास्तुशांतीला मिस्त्रीला शेल्याचा आहेर करायची रीत. अंगणात पंगत बसली होती. नारायणरावांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी ताट आणलं आणि नारायणरावांनी शेला उचलून प्रेमानंदच्या खांद्यावर टाकला.

"बाईले कसा द्यावा शेला? एकाच घरात गेला ना."

समताच्या हाती खण आला. प्रेमानंदनं खांद्यावरचा शेला नीट सारखा केला. नीट सारखा केला, मेल्यानं!

समतानं खण ताटात ठेवला. हत्यारांच्या पिशवीतला हातोडा काढला आणि पुढच्या भिंतीवर घातला. रंगासकट पोपडे उडून पंगतीच्या पानांत पडले. बायका किंचाळल्या.

"ज्याले शेला देल्ला, त्याच्या हातून करून घ्या आता!"

नारायणराव धावले आणि त्यांनी तिच्या कानफटात दिली. तिनं हातोडा फिरवला. तो त्यांच्या कानाजवळून गेला आणि भिंतीत रुतला. पंगत उठून पळाली, फाटकाबाहेर जाऊन बघत उभी राहिली. समतानं हातोडा उपसून पुन्हा उगारला.

नारायणराव भिंतीला चिकटले होते.

"मिस्त्री," ते तिला म्हणाले, "हातोडा खाली ठेव, मिस्त्री."

भीतीनंच म्हणाले. समताला ते कळत होतं. तिनं हातोडा खाली ठेवला नाही.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली. "जोरात. फाटकातल्यायले आयकू जाऊ द्या."