सार्वजनिक नळ आणि एक खोटे विधान

आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेशी माझा परिचय घाटंजीच्या नगरपरिषदेच्या व्हरांड्यातला. मी तिथे हरकतीची पत्रे देण्यास जातो. ती माणसे घेऊन येते. एकटी ती कधीच येत नाही. माझ्या हातातले पत्र पाहिले की पदर खोचत हसते. "काका, तुमचं पत्र फायलीत झोपून राह्यलं. चार बाया आणा, सायब आपोआप जागा होते." या नियमशून्य पद्धतीचा मला संताप येतो.

लोकांना विचारूनच कारभार करू, असे सांगून निवडून आलेल्या तिच्या गटाने परवा वस्तीत सभा घेतली. घरोघरी नळ पोहोचले, सबब सार्वजनिक नळ बंद करावा, असा प्रस्ताव होता. नगरपरिषदेच्या अभियंत्याने विचारले, "कोणाच्या घरी नळ नाही? उभे राहा." भाडेकरू मान खाली घालून बसून राहिले. नळ घरमालकांच्या अंगणात होते आणि घरमालक पहिल्या रांगेत.

तेव्हा व्यासपीठावरून ही बाई उठली. "माह्या घरी नाही. लिवा."

"काहून खोटं बोलून राह्यली वं?" एक घरमालक ओरडला.

"तू बस ना भाऊ. तुले कोणं इचारलं?"

मागून एक म्हातारी उठली, मग भाडेकरूंची अख्खी रांग. प्रस्ताव बारगळला, नळ राहिला.

तिच्या घरी नळ आहे. त्याखाली मी स्वतः हात धुतले आहेत. लोकप्रतिनिधीचे हे धडधडीत खोटे विधान इतिवृत्तात नोंदले गेले असून, त्यावर हरकत घेण्याची मुदत उद्या संपते. उद्या मी बोरी अरबला, बहिणीकडे जाण्याचे ठरवले आहे.