आत्याचा नकार

माझी लीना आत्या म्हणजे मठातली सिस्टर वालबुर्गा. मठाच्या प्रमुख मदर पर्पेच्युआनं तिचा केसानं गळा कापला आणि वर त्याला नम्रता म्हटलं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण अमेरिकेतल्या आमच्या आयोवात मठातल्या बायकांबद्दल वाईट बोलायचं नसतं आणि मला ते बोलायचं आहे.

आत्या गणितात इतकी हुशार की शेजारचे शेतकरी दुधाचे हिशेब तिच्याकडून तपासून घ्यायचे. अठराव्या वर्षी ती मठात जाते म्हणाली, तेव्हा आजोबा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. "एवढं डोकं देवानं दिलं, ते पुन्हा त्यालाच परत करायचं होतं तर दिलं कशाला?" असं म्हणत ते गोठ्यात गाईंवर डाफरायचे. पण मठाचंच कॉलेज होतं, तिथं ती शिकली, आणि १९३८ साली तिचं शेवटचं वर्ष आलं.

प्रत्येक कॅथलिक कॉलेजात असतं तसं तिथंही एक गुणवंत मंडळ होतं. शेवटच्या वर्षातल्या निवडक मुलींना प्राध्यापक त्यात घ्यायचे. मेणबत्ती हातात घेऊन शपथ, गळ्यात निळ्या फितीचं पदक, आणि आईबापांना पहिल्या रांगेत खुर्ची. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर फादर हॉफर आजोबांच्या कानात पुटपुटले, "तुमच्या पोरीचं नाव निघालंय. मी ऐकलंय ते सांगतो. बोलू नका कुठं."

आजोबा कुठं बोलले नाहीत, फक्त नवी हॅट घेतली. समारंभाच्या दिवशी दूध काढायचं काम शेजाऱ्यावर सोपवलं, जे त्यांनी माझ्या वडिलांच्या जन्माच्या दिवशीही केलं नव्हतं, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. नावं पुकारली गेली. आत्याचं आलं नाही. तिच्याऐवजी दारूभट्टीवाल्याची ॲडलेड उठली, जिला आत्यानंच बीजगणित शिकवून पास केलं होतं.

समारंभानंतर सगळे कॉफी पीत, केक खात उभे होते. आजोबांनी हॅट डोक्यावर घातली आणि आत्याला म्हणाले, "शेतावर राहिली असतीस तर निदान गाईंनी तरी ओळखलं असतं तुला."

ते पुन्हा कॉलेजात आले नाहीत. दोन वर्षांनी वारले. त्या काळी सिस्टरांना घरी जायची मुभा नसायची, बापाच्या मयतीलाही नाही.

आत्यानं दोष स्वतःलाच दिला. आपणच कुठंतरी कमी पडलो असणार, असं धरून ती दुप्पट कामाला लागली. पुढे त्याच मंडळाची प्रमुख झाली आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मुलींच्या गळ्यात निळी फीत घालत राहिली. फितीची गाठ मानेला टोचू नये म्हणून आधी स्वतःच्या गळ्यात घालून बघायची. तेवढाच काय तो तिचा पदकाशी संबंध.

मी त्याच कॉलेजात शिकायला आले तोवर मदर पर्पेच्युआ थकली होती, मठाच्या दवाखान्यात पडून असायची. तिला सूप भरवायला आत्या रोज जायची. एकदा मीही बरोबर होते. म्हातारी खुशीत होती.

"वालबुर्गा, तुला मी एका मोठ्या पापातून वाचवलं होतं. ठाऊक आहे का?"

"कुठल्या, मदर?"

"गर्वाच्या. मंडळानं तुझं नाव पहिलं काढलं होतं. मी म्हटलं, आमच्या सिस्टर मानसन्मान घेत नाहीत. तुझ्या वतीनं नाही म्हणून कळवलं. ती रिकामी जागा मग ॲडलेडला गेली."

आत्याचा चमचा वाटीतच राहिला. "माझ्या वडिलांना तरी सांगायचं होतंत."

"ते बाहेरचे, गं. मठातलं बाहेर कशाला सांगायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्यानं मात्र उरलेलं सूप भरवलं, म्हातारीचं तोंड पुसलं आणि बाहेर आल्यावर भिंतीला टेकून उभी राहिली. "मला विचारलं असतं तर मी कदाचित नाहीच म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण विचारायला हवं होतं. मी आयुष्यभर त्या बाईला आई समजले गं."

मला राहवेना. मी थेट नव्या प्रिन्सिपल सिस्टर रोझॅनकडे गेले आणि सगळं ओकून आले. ती भली बाई. त्या वर्षीच्या समारंभात, मुलींची पदकं झाल्यावर, तिनं आत्याचं नाव पुकारलं. जुना प्रकार न उकरता एवढंच म्हणाली, "हा मान फार पूर्वीच द्यायला हवा होता. सिस्टर वालबुर्गा, स्वीकारणार ना?"

मदर पर्पेच्युआला चाकाच्या खुर्चीतून आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं, जिथं आजोबा बसले होते तिथंच. आत्यानं तिकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "नाही. मला नको."

मग एक प्राध्यापक उठले, मागून सगळं सभागृह उठलं, आणि टाळ्या थांबेनात. काय ही विनम्रता, असं माझ्या शेजारची बाई डोळे टिपत म्हणाली. दुसऱ्या बाजूनं मदर पर्पेच्युआनं माझा हात धरला. "बघितलंस? माझ्या हाताखाली घडलीय ती."

मी गाडी काढली. आता सिस्टरांना घरी जायला बंदी नव्हती, म्हणून आत्याला शेतावर घेऊन निघाले. मक्याची शेतं सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, "आत्या, निदान या वेळी तुला विचारलं तरी."

"विचारलं," ती म्हणाली. "पण माझा नकारसुद्धा त्यांनी मदरच्याच पदरात घातला."