हरिसिंगकाकांची गिटार आणि मंडळाची पट्टी

"पेटी नको," म्हातारा कुजबुजला. "पेटी बोलते. मले गानारं पाहिजे."

मी फळीवरून काढलेली पेटी तशीच हातात धरून उभा राहिलो. दुकान उघडून झाडूसुद्धा मारला नव्हता, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाचं हे असं. म्हातारा म्हणजे हरिसिंग राठोड, कळंबजवळच्या एका तांड्याचे. सोबत त्यांचा पुतण्या मोहन होता, चांगला मिशीवाला, दोन लेकरांचा बाप. काकांचं बोलणं ऐकू यायला कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागायचा. म्हणून अर्धं तेच बोलायचे, अर्धं मोहन सांगायचा.

ही साठ सालानंतरची गोष्ट. यवतमाळच्या बाजारात एका वाद्यांच्या दुकानात मी मिस्त्री होतो. पेट्यांचे भाते शिवायचे, तबल्यांना पुड्या चढवायच्या आणि गिऱ्हाइकाला परवडेल ते वाद्य त्याच्या गळ्यात घालायचं. शेवटचं काम खरं शेटजींचं. पण शेटजींना वाद्यातलं चकाकणंच तेवढं दिसायचं, त्यामुळे ते माझ्याकडे आलं.

मोहनने उलगडा केला. काका तांड्यातल्या भजनी मंडळाचे गवई. त्यांच्यासारखा चढा गळा आसपास कोणाचा नव्हता. मग घशात गाठ झाली, नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतर काही दिवस काका भजनात कोपऱ्यात बसायचे आणि आरतीच्या आधीच उठून जायचे. आता तर येणंच सोडलं होतं. घरी भिंतीकडे तोंड करून बसतात, म्हणे.

"परवा कळंबच्या हॉटेलात रेडू लागलता," काका कुजबुजले. "म्या म्हटलं, कोन गाऊन राह्यलं? सूर आहे, शब्दच नाही. हॉटेलवाला म्हणे, गिटार होय. मले वाटलं, आपल्यासारखाच कोनी असन, गळा गेलेला."

हे सांगताना म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. तेव्हाच मी ठरवलं की यांना रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही.

तेव्हा रेडिओवर वाजायची ती गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवत. उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हातातला लोखंडी रूळ तारेवरून सरकवायचा. रूळ सरकला की सूर गळ्यासारखा घसरत जातो. पेटीला हे जमत नाही. तिचे सूर जिन्याच्या पायऱ्यांसारखे वेगवेगळे. व्हायोलिनला जमतं, सारंगीलाही जमतं, पण ती शिकण्यात उमर जाते, आणि काकांची उमर बरीचशी वापरून झालेली होती.

शेटजी गल्ल्यावरून उठून आले. त्यांनी काचेच्या कपाटातली गिटार काढली. कलकत्त्याहून आलेली, लाल रंगाची, पोटावर कमळाचं चित्र.

"हे घ्या, काका. राजाचा माल आहे."

"राजालेच द्या मंग," काका कुजबुजले.

मी ती गिटार हातात घेतली. नवशिक्यासाठी गिटार पाहताना मी आधी रंग पाहत नाही. बंदूक धरावी तशी ती डोळ्याशी धरतो आणि मानेवरून सरळ नजर टाकतो. मान म्हणजे तो लांब दांडा, ज्यावरून तारा जातात. मग पोटावर टिचकी मारतो. आवाज ठस्स आला तर आत जाड प्लायवूड आहे असं समजायचं. शेवटी खुंट्या फिरवून पाहायच्या. सैल खुंटीची गिटार घेणाऱ्याचं आयुष्य सूर मिळवण्यातच जातं. लाल गिटारीचं पोट ठस्स बोललं, आणि तारा मानेला अगदी चिकटलेल्या होत्या. बोटांनी दाबून वाजवणाऱ्याला तसंच लागतं. पण रूळ फिरवणाऱ्याला तारा उंच लागतात, नाहीतर रूळ मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर आपटतो आणि गाण्याऐवजी खडखडाट ऐकू येतो.

"शेटजी, हे काकायच्या कामाची नाही."

"मंग कोन्ती आहे कामाची? दुकानात दुसरी आहे कुठी?"

"समोर आहे. फोटोवाल्याकडे."

शेटजी कपाळाला हात लावून बसले. त्याला कारण होतं. ती गिटार आमचीच, पण कोणी विचारत नाही म्हणून समोरच्या फोटो स्टुडिओत देऊन टाकली होती. तिथे ती नवरदेवांना फोटोत धरायला देत. यवतमाळच्या कितीतरी घरांत भिंतीवरचा जावई ती गिटार छातीशी धरून उभा आहे. वाजवली त्यांच्यातल्या एकानेही नाही. स्टुडिओतल्या मोठ्या दिव्यांच्या धगीशी उभी राहून राहून तिची मान पुढे वाकली होती आणि तारा मानेपासून बोटभर वर आल्या होत्या. पोट मात्र पातळ लाकडाचं, टिचकी मारली की बराच वेळ घुमायचं.

"अरे रमजान, वाकडी गिटार गिऱ्हाइकाले देतं का?" शेटजी माझ्या कानात म्हणाले. "उद्या गावभर बोंब होईन."

"काकायले वाकडीच पाहिजे, शेटजी. बोटानं दाबाच्याच नाही तारा. मान आनखी वाकू नये म्हणून मांगून पट्टी ठोकून देतो."

मोडीतच निघालेली ती, त्यामुळे भावही मोडीचाच लावावा लागला. शेटजींनी तोंड वाकडं केलं, पण लावला. मी मानेमागे सागाची पट्टी बसवली, तारांखाली शिंगाचा उंच तुकडा घातला. माझा भाऊ मोटार मेकॅनिक होता. त्याने जुन्या बेअरिंगचा एक रूळ घासून गुळगुळीत करून दिला. पहिल्या तारेचा सूर मी पांढरी दोनला मिळवला. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून आपल्याकडे सुराची उंची सांगतात. गाणारा ज्या पट्टीला 'सा' म्हणतो ती त्याची पट्टी. पांढरी दोन म्हणजे मध्यम उंचीची, या गिटारीला सोसेल अशी.

मला स्वतःला गिटार वाजवता येत नाही. दुरुस्त करणारा आणि वाजवणारा या दोन वेगळ्या जाती आहेत. पण एका तारेवर सा रे ग म कुठे सापडतात एवढं मी दाखवलं. काकांनी रूळ ठेवला, सरकवला. पहिल्यांदा मांजर ओरडलं. दुसऱ्यांदाही मांजरच. तिसऱ्यांदा काकांनी डोळे मिटले आणि 'सा'वरून 'ग'वर असे गेले की शेटजी गल्ल्यातले पैसे मोजायचे थांबले.

"रोज बसा," मी म्हणालो. "आन् खुंट्यायले हात लावू नका."

दिवाळी झाली, कापूस निघाला. काकांची काही खबर नव्हती. म्हणजे गिटार ठीक चालली असणार, असं मी धरून चाललो. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक दिसलं नाही की काम चांगलं झालं असं समजतात.

मग थंडीत एक दिवस मोहन आला, काखेत गोधडीत गुंडाळलेली गिटार. त्याने गोधडी सोडली. पोटावरचा घोडा, म्हणजे तारा ज्याला बांधलेल्या असतात ती लाकडी पट्टी, मुळासकट उखडून आली होती. सोबत पोटाचं सालही निघालं होतं.

"काय केलं बे हे?"

"कायी नाही. पेटीसंग सूर मिळवला."

"कोन्त्या पट्टीत?"

"काळी चार."

मी डोक्याला हात लावला. काळी चार म्हणजे पांढरी दोनच्या कितीतरी वर. तिथे तार चढवायची म्हणजे बैलगाडीला मोटारीचं ओझं. "काळी चारमधी कोन गाते तुमच्यात?"

"काका गायचे."

"आन् आता?"

मोहनने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याचा घसाच बसलेला आहे. "आता मी गातो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

चतुर्थी तोंडावर आली होती. त्या दिवशी कळंबला चिंतामणीच्या देवळात त्यांच्या मंडळाचं भजन होतं, आणि काका पुन्हा सगळ्यांच्या पुढे बसणार होते. घोडा उखडला तेव्हा त्यांनी गिटार गोधडीत बांधली. "माळ्यावर टाक म्हने," मोहन म्हणाला. "म्या चोरून आनली." सरस लावून, दाबून, वाळवून मी घोडा बसवला. पण ती गिटार परत त्याच काळी चारमध्ये जाणार असेल तर माझं सगळं काम पाण्यात होतं. शेवटी मी शेटजींना सांगून गिटारीसोबत स्वतःच एस.टी.त बसलो.

तांड्यात मंडळ जमलं होतं. काका भिंतीपाशी. मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली, तर त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली.

"हे वर नाही जात, रमजानभाई. मी नाद सोडला ना आता."

"हे वर नाही जानार," मी म्हणालो. "मंडळाले खाली आना."

बोलून गेलो आणि पाहतो तर ढोलकीवाल्याने मान खाली घातली. मोहन माझ्याकडे असा पाहायला लागला जसं मी काकांच्या समोर काकांना शिवी दिली. मंडळाची पट्टी म्हणजे गवयाची पट्टी. गवई जिवंत असताना ती उतरवायची म्हणजे तो गेला असं म्हणणं. हे मला कोणी सांगितलं नाही, त्यांच्या तोंडांवरच दिसत होतं.

काका मात्र मोहनकडे पाहत होते. "तुले चढते का रे काळी चार?"

मोहनने ढोलकीवाल्याकडे पाहिलं.

"मी इचारून राह्यलो तुले."

"नाही चढत, काका. कोनालेच नाही चढत. भजनाच्या दुसऱ्या दिवशी बायको म्हनते, खुणेनं बोला."

"मंग काहून गाता?"

"तुमची पट्टी हाय ना."

काकांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात. पण म्हातारा हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मले वाटे तुमाले जमते," ते म्हणाले. "म्हनून तं ऐकाले येत नोयतो. जळत होतो."

त्यांनी गिटार ओढून मांडीवर घेतली. ढोलकीच्या कड्या सैल केल्या, पेटी पांढरी दोनवर आली. ढोलकीवाल्याने सगळ्यांत आधी सुटकेचा श्वास सोडला, आणि त्याला तर गायचंही नव्हतं.

चतुर्थीला मी देवळात गेलो होतो. आमच्या मोहल्ल्यातल्या लोकांना मी देवळातल्या पेट्याही दुरुस्त करतो हे ठाऊक होतं, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. काका पुढे बसले. रूळ सरकला आणि पहिली ओळ गिटारीने म्हटली, बिनशब्दांची. मागून मंडळाने ती शब्दांत उचलली. मोकळ्या गळ्याने, शिरा न ताणता. गर्दीतली माणसं ओठ हलवत साथ द्यायला लागली, कारण आता त्यांचाही गळा त्या सुराला पोचत होता.

लाल कमळाची गिटार शेवटी फोटो स्टुडिओत गेली. नवरदेवांच्या ती फार पसंतीला उतरली. इकडे लोक मला अजून विचारतात, शिकायला कोणती गिटार घ्यावी, लाकूड कोणतं, रंग कोणता. मी आधी विचारतो, कोणासोबत वाजवणार आहेस? बाकीचं त्यानंतर.

त्या दिवशी भजन संपल्यावर काकांनी मला जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"मंडळ बरं गाते, रमजानभाई," ते कुजबुजले. "इतके साल मी गाऊन राह्यलतो, म्हनून कधी ऐकूच नाही आलं."